कालवलेला माल

मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की आधी खाली बघायचा. बाकीचे लोक भिंतीवरचे फोटो बघतात, पडदे बघतात, टीव्ही केवढा आहे ते बघतात. हा जमीन बघायचा, आणि बूट काढायच्या निमित्ताने वाकून तिच्यावरून हळूच हातही फिरवून घ्यायचा. कारखान्यांच्या, गोदामांच्या, दवाखान्यांच्या जमिनींवर इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर कडक होऊन बसणारा चकचकीत थर, ओतायच्या धंद्यात एकतीस वर्षं काढली की माणसाचं असं होतं. त्याच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. जिच्यावर इपॉक्सी धरतं ती एक, आणि जिच्यावर धरत नाही ती दुसरी.

लाकडावर धरतं. लोखंडावर धरतं, पण आधी घासून गंज काढला तर. वीट, दगड, काँक्रीट यांच्यावर तर असं धरतं की पुढे कधी उखडायची वेळ आली तर खालचा तुकडा सोबत घेऊनच वर येतं. काचेचं काम नखरेल. खरवडून घेतली तर ठीक, नाहीतर वर्षभराने अख्खा पापुद्रा हातात. ओली जमीन सगळ्यात लबाड. ती धरल्यासारखं करते, तुमच्याकडून शाबासकी घेते आणि सहा महिन्यांनी फुगून दाखवते. मेण धरू देत नाही, तेल धरू देत नाही, पॉलिथिन तर तोंडावर नाही म्हणून मोकळं होतं. आणि या सगळ्यांच्या वरताण सिलिकॉन. त्याच्यावर काही चिकटत नाही हे एकवेळ सोडा, पण ते ज्याला शिवेल त्याच्यावरही चिकटू देत नाही. मिस्त्री सिलिकॉनचं नाव असं घ्यायचा, जसं लोक भांडून वेगळ्या झालेल्या भावाचं घेतात.

माल कालवायची त्याची बादली प्लॅस्टिकची होती. दुसऱ्या दिवशी ती उपडी करून बुडावर थाप मारली की तळाशी उरलेला, कडक झालेला माल गोल चकती होऊन टपकन बाहेर यायचा आणि बादली कोरी करकरीत राहायची. या चकत्या तो घरी आणायचा. बायकोने त्या पलंगाच्या पायांखाली घातल्या, कपाटाखाली घातल्या, दार अडवायला ठेवल्या. "तुमच्या त्या फरशीच्या भाकऱ्या आता पुरे करा," ती म्हणायची. "फरशी नाही, फ्लोअर," तो म्हणायचा. "फरशी म्हणजे तुकडे तुकडे. हे सलग असतं." "बरं बुवा, सलग फरशी," ती म्हणायची आणि विषय संपायचा. मुलगीही आईचंच ऐकून फरशी म्हणायला शिकली.

त्याचं काम सुरू व्हायचं म्हणजे बाकी सगळ्यांनी निघून जायचं. टेबलं जायची, यंत्रं जायची, माणसं जायची, दारं बंद व्हायची. उरायचे दोघे, मिस्त्री आणि त्याचा जोडीदार. या जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो पंखा पाचवर केला तर उडून जाईल इतका बारीक होता. पैलवान माल आणून द्यायचा आणि मिस्त्री तळाला खिळे लावलेले बूट घालून ओल्या मालावर उभा राहून तो पसरायचा. पसरत पसरत, दाराकडे पाठ करून, एक एक पाऊल मागे. शेवटी उंबऱ्यावर यायचा, दोरी बांधायचा, 'चोवीस तास प्रवेश बंद' अशी पाटी लावायचा, आणि निघायचा. त्या जमिनीवर पुढे कोण चाललं, कोण घसरलं, कोणी चहा सांडला, हे त्याने कधीच पाहिलं नाही. शेकडो खोल्या त्याने केल्या, आणि एकाही खोलीत त्याला माणसं भेटली नाहीत.

त्याचा एक हट्ट होता. जमीन घासून झाली, झाडून झाली, मशीनने धूळ ओढून झाली, तरी माल ओतायच्या आधी तो गुडघ्यांवर बसायचा आणि उघडा तळहात जमिनीवरून फिरवत फिरवत अख्खी खोली पालथी घालायचा. "मशीनने काढली ना धूळ, मग परत कशाला?" पैलवान दर वेळी विचारायचा. "मशीनला काय कळतंय?" मिस्त्री दर वेळी सांगायचा. "हाताला कळतं." या हट्टापायी त्याचे हात सोललेले असायचे. सिमेंटने बोटांना चिरा पडायच्या, आणि साधं लिंबू कापायचं म्हटलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण एकतीस वर्षांत त्याची एकही जमीन सुटली नव्हती. ठेकेदार नव्या गिऱ्हाइकाला सांगताना आधी मिस्त्रीचं नाव घ्यायचा आणि मग मालाच्या कंपनीचं.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं, पाच दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी सकाळी मिस्त्री एका औषध कंपनीच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये होता. आईजवळ मुलगी होती, तेव्हा बावीस वर्षांची. अकराच्या सुमारास तिचा फोन आला. "बाबा, या. आत्ताच्या आत्ता या." तो म्हणाला, "माल कालवलाय गं. तो संपवतो आणि निघतो." ती पुढे काहीतरी सांगत होती, पण त्याने फोन ठेवला. तो दवाखान्यात पोचला तेव्हा तीन वाजले होते. बायको साडेबाराला गेली होती.

आता धंद्यातल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की यात मिस्त्रीचं काही चुकलं नाही. इपॉक्सी म्हणजे दोन डबे, एक रेझिनचा आणि एक हार्डनरचा. वेगळे आहेत तोवर वर्षभर ठेवा. एकदा एकमेकांत कालवले की माल तापायला लागतो आणि पाऊण तासात बादलीतच दगड होतो. अर्धवट सोडलेला हॉल पुन्हा घासून काढावा लागतो. कालवलेला माल थांबत नाही, हे त्या धंद्यातलं पोरसुद्धा जाणतं. भेटायला आलेल्यांना पैलवान न विचारता सांगायचा, "मी चहा घेऊन आलो तेव्हा माल कालवून तयार होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. काय करणार बिचारा?" मिस्त्रीची धाकटी बहीणही तेच म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मान डोलावली नाही ती एकट्या मुलीने. "माल गेला असता तर गेला असता," एवढंच ती म्हणाली, आणि महिन्याभरात बॅग भरून आत्याकडे राहायला गेली. आत्याचं गाव बसने पाच तास. तिथे तिला औषधांच्या दुकानात काम लागलं. ती बापाशी भांडली नाही, ओरडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. नुसती बोलायची बंद झाली. भांडली असती तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. त्याने सुरुवातीला दोन-तीन फोन केले, ते आत्यानेच उचलले. मग त्यानेही सोडून दिलं. आता दोन खोल्यांच्या घरात तो एकटा राहायचा, एकाच ताटलीत जेवायचा, तीच धुऊन पालथी घालायचा. एकटं वाटायचं का? वाटायचं की. पूर्वीही रिकाम्या हॉलमध्ये वाटायचं, पण ते घरी आलं की उतरायचं. आता ते घरातही बसून असायचं, त्याच्या आधी येऊन.

तीन महिन्यांपूर्वी बहीण येऊन गेली. जाताना पिशवीतून एक पांढरी ट्यूब काढून तिने टेबलावर ठेवली. "मी तुझ्या हातांचं सांगितलं पोरीला. मागल्या खेपेला रक्त येत होतं ना, ते. काही बोलली नाही. आज निघताना हे आणून दिलं."

ट्यूबवर दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली होती. औषधावर लिहितात तसं तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, 'दिवसातून दोन वेळा'. खाली सही नाही, 'बाबा' नाही, काही नाही. पण अक्षर तिचं होतं. लहानपणी पाटीवर काढायची तसा तो 'द' अजूनही पोट सुटलेला होता. मिस्त्रीने चष्मा लावून ते तीन शब्द इतक्या वेळा वाचले की बहिणीला हसू आवरेना. "अरे दादा, क्रीम आहे ते, कोर्टाचा निकाल नव्हे."

दिवसातून दोन वेळा म्हणजे दोन वेळा. सकाळी आंघोळ झाली की एकदा, संध्याकाळी घरी आलं की एकदा. एवढं नेमाने त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. पंधरा दिवसांत चिरा भरून आल्या, महिन्याभरात हात एखाद्या कारकुनाचे असावेत तसे झाले. आणि दर रविवारी बहिणीचा फोन यायला लागला. "लावतोस ना? ती विचारत होती." "लावतो की. सांग तिला, करंगळी पण भरून आली." पुढच्या रविवारी, "अंगठ्याचं काय म्हणतेय ती." "अंगठा मस्त आहे, सांग." चार वर्षांत बापलेकीत एवढं बोलणं झालं नव्हतं. एकीकडून बोट निघायचं, आत्यामार्गे दुसरीकडे पोचायचं. मिस्त्री शनिवारपासूनच हात निरखायला लागायचा, रविवारी सांगायला काही नवीन आहे का बघायला. ट्यूब संपत आली तेव्हा दुसरी आपोआप आली. तिच्यावरही तेच तीन शब्द.

आणि याच तीन महिन्यांत मिस्त्रीच्या जमिनींना डोळे पडायला लागले.

डोळे म्हणजे काय, तर ओल्या मालात गोल गोल खळगे पडतात. चवलीएवढे, पावलीएवढे. माल तिथून मागे सरकतो, मधे खालची जमीन उघडी दिसते, आणि काठ वर उचलला जातो. वरून कितीही माल टाका, तो तिथे जातच नाही. पहिल्यांदा एका गोदामात दहा-बारा पडले. मिस्त्रीने ते भरून काढले आणि तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या खेपेला एका लॅबच्या बोळात साठ-सत्तर. ठेकेदार येऊन बघून गेला. "मिस्त्री, वय झालं का काय?" तो हसत म्हणाला. हसत म्हणाला म्हणूनच ते जास्त झोंबलं.

मग मिस्त्रीने खापर फोडायला डोकी शोधायला घेतली. आधी मालाच्या कंपनीचं डोकं सापडलं. "मेले भेसळ करायला लागलेत." दुसऱ्या कंपनीचा माल आणला, डोळे तसेच. मग कॉम्प्रेसरमधून तेल उडत असेल. नवा फिल्टर घातला, डोळे तसेच. मग त्याची नजर पैलवानाच्या केसांवर गेली. पैलवानाचे केस तुळतुळीत चपटे बसवलेले असायचे, कसलंसं जेल लावून. "त्यात सिलिकॉन असतं!" मिस्त्री ओरडला. "डोकं धुऊन ये!" पैलवानाने बिचाऱ्याने बाहेरच्या नळाखाली साबणाने तीनदा डोकं धुतलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, आणि दिवसभर तो तसा वावरला. त्या दिवशी आजवरचे सगळ्यात जास्त डोळे पडले. "आता काय टक्कल करू?" पैलवान पिशवीखालून म्हणाला.

ती जागा म्हणजे एका कारखान्याची सुटे भाग ठेवायची खोली होती. दुपार कलली होती, अर्धवट उघड्या शटरखालून उजेड आडवा आत येत होता. मिस्त्री उंबऱ्याशी उकिडवा बसून आपली फजिती बघत होता. आडव्या उजेडात डोळे स्पष्ट दिसत होते, आणि त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की ते विखुरलेले नाहीत. ते कमानीत होते. डावीकडून उजवीकडे एक कमान, मग हातभर मोकळी जागा, मग पुन्हा कमान. सगळ्या कमानी एका मापाच्या.

तो गुडघ्यांवर बसला. उजवा हात पुढे करून त्याने हवेत फिरवला, रोज जमिनीवरून फिरवतो तसा. मग गुडघे सरकवून पुन्हा फिरवला. माप बरोबर जुळलं.

त्या रविवारी त्याने घरी सिमेंटच्या पत्र्याचे चार तुकडे मांडले. पहिल्याला हात लावला नाही. दुसऱ्यावर ट्यूबमधलं क्रीम बोटाने पुसलं. तिसऱ्यावर तळहात फिरवला, सकाळी क्रीम लावलेला. चौथ्यावर तोच तळहात, पण साबणाने खसाखसा धुऊन. मग वाटीभर माल कालवून चारही तुकड्यांवर ओतला आणि खुर्ची ओढून समोर बसला. पहिल्यावर माल आरशासारखा बसला. दुसऱ्यावर फाटला. तिसऱ्यावर डोळे पडले. चौथ्यावर थोडे कमी, पण पडलेच. मिस्त्री ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचायला गेला, त्यातलं त्याला अवाक्षर कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. त्याला रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चार तुकड्यांसमोर बसून रडला, आणि तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "लावतोस ना?" "लावतो," तो म्हणाला.

सोमवारी त्याने पैलवानाला सांगितलं आणि त्याची माफी मागितली. पैलवान केसांवरून हात फिरवत म्हणाला, "मग ग्लोव्हज घाला की." ग्लोव्हज घालून पाहिले. पण ते घालायचे त्याच हातांनी, फडकं उचलायचं त्याच हातांनी, बादली धुवायची त्याच हातांनी. क्रीममधलं सिलिकॉन सगळीकडे पोचलं. "मग क्रीम बंद करा आणि पोरीला सांगून टाका सरळ," पैलवान म्हणाला. "त्यात काय एवढं? लेक आहे, समजून घेईल. कालवलेल्या मालाचं पण घेतलंच असतं तिने समजून, पण पोर लहान होती तेव्हा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मिस्त्रीने बहिणीला सांगितली नव्हती, पैलवानाला सांगितली नव्हती, आणि स्वतःलाही फारशी ऐकू दिली नव्हती. त्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा माल कालवलेला नव्हता. डबे बंद होते. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. पैलवान चहा आणायला गेला होता. मिस्त्रीने फोन ठेवला, दोन मिनिटं डब्यांकडे बघत उभा राहिला, आणि मग झाकणं उघडून माल कालवला. पैलवान चहा घेऊन आला तेव्हा बादली भरलेली होती. त्याने पाहिलं ते खरंच होतं, आणि चार वर्षं तो प्रामाणिकपणे खोटी साक्ष देत आला होता.

का कालवला? आदल्या संध्याकाळी मिस्त्री दवाखान्यात बसला होता तेव्हा बायकोने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत काहीच नव्हतं. तीस वर्षं ज्या बाईबरोबर काढली तिने त्याला ओळखलं नाही. सकाळी कामावर जायचंच नव्हतं खरं, पण तो गेला. आणि फोन आला तेव्हा पुन्हा त्या खोलीत जाऊन उभं राहायची त्याची छाती झाली नाही. डबे समोर होते. कालवले की सुटका होती, कारण कालवलेला माल सोडून या असं कोणीच म्हणू शकत नाही. म्हणाली ती फक्त मुलगी.

क्रीम त्याने बंद केलं. जमिनी पुन्हा पहिल्यासारख्या बसायला लागल्या, ठेकेदाराने पाठ थोपटली, पैलवानाने जेल सुरू केलं. दोन आठवड्यांत बोटांना पुन्हा चिरा पडल्या. आणि दर रविवारी मिस्त्री फोनवर सांगत राहिला, "लावतो. अंगठा छान आहे." ठसठसणाऱ्या अंगठ्याने फोन धरून सांगत राहिला. आधी त्याला वाटलं, हे काय एवढं मोठं खोटं नाही. पण रविवारची वाट बघणं संपलं. आता शनिवारी त्याला धडकी भरायची. ट्यूब टेबलावर भरलेली पडली होती, तिच्यावर मुलीचं अक्षर होतं, आणि तो तिच्याकडे पाठ करून जेवायला बसायचा.

तिसऱ्या रविवारी बहीण म्हणाली, "येत्या शुक्रवारी मी येतेय. आणि ऐक, ती पण कदाचित येईन म्हणालीय. नक्की नाही हं, पण म्हणालीय. तुझे हात बघायचेत म्हणे तिला."

चार वर्षं ज्या शब्दासाठी तो थांबला होता तो आला, आणि मिस्त्रीला घाम फुटला. ती येणार, हात बघणार, आणि तिला कळणार की बाप खोटं बोलतोय. क्रीम पुन्हा लावायला पाच दिवस होते, पण बुधवारी एका दवाखान्याचा मोठा हॉल होता. समजा हॉल सोडला आणि हात दाखवले, तरी ती समोर बसणार, आणि ते दुसरं खोटं दोघांच्या मधे बसणार. त्याला कळून चुकलं की ती घरी आली तरी अशाने खरी परत येणार नाही. घरात बसेल, चहा घेईल, जाईल.

मुलीचा नंबर बहिणीने कधीच दिला होता. तो त्याने कधी लावला नव्हता. बुधवारी दवाखान्याचा हॉल दोन वाजता पुरा झाला. त्याने दोरी बांधली, पाटी लावली, पैलवानाला सामान घेऊन पुढे पाठवलं, आणि बाहेरच्या पायरीवर बसून नंबर लावला. दोन ते तीन दुकानात गिऱ्हाईक नसतं, हे त्याला बहिणीकडून ठाऊक होतं.

"हॅलो?"

"मी बोलतोय."

"बाबा? काय झालं? बरं नाहीये का?"

"बरा आहे. ते क्रीम... मी बंद केलं."

"का? आग होते? पुरळ उठलं का?" ती दुकानातल्या आवाजात बोलायला लागली. "तसं असेल तर दुसरं आहे, बिनवासाचं. मी आत्याबरोबर..."

"नाही गं. क्रीम फार छान आहे. हात बरे झाले होते. त्यात सिलिकॉन आहे. माझ्या हाताचं जमिनीला लागतं आणि माल धरत नाही. डोळे पडतात. तीन आठवडे झाले बंद करून. आत्याला मी खोटंच सांगत होतो."

"म्हणजे फरशीसाठी बंद केलंत."

"हो."

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "चार वर्षांनी फोन केलात बाबा, आणि फरशीचं सांगताय."

आता ती फोन ठेवेल, असं त्याला वाटलं. तिने ठेवायच्या आत सांगायला हवं होतं.

"त्या दिवशी माल कालवलेला नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा फोन आला तेव्हा डबे बंद होते. मी फोन ठेवला आणि मग कालवला. पैलवानाला माहीत नाही, आत्याला माहीत नाही. कोणालाच नाही. मी येऊ शकत होतो. लगेच येऊ शकत होतो." तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा बोलला नसता. "घाबरलो होतो मी. आदल्या दिवशी तिने मला ओळखलं नाही. मला ते परत बघवणार नव्हतं. म्हटलं, ओळखतच नाही तर मी असलो काय आणि नसलो काय. म्हणून कालवला."

त्याने फोन कानापासून काढून बघितला. चालू होता.

"ओळखत होती," मुलगी म्हणाली.

मिस्त्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळपासून शुद्धीवर होती. फोनवर मी तेच सांगत होते, तुम्ही ठेवलात. तिने विचारलं, बाबा निघाले का. मी म्हटलं, निघालेत. थोड्या वेळाने परत विचारलं. मी म्हटलं, बसमध्ये आहेत. मग तिला बोलता येईना, पण ती नुसती बघायची माझ्याकडे, तेच विचारत असल्यासारखी. मी काय करणार होते? म्हटलं, आले आई, आलेच. जिना चढतायत." तिचा आवाज फुटला. "मग ती दाराकडे बघायला लागली, बाबा. मी सांगितलं म्हणून. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती."



"मला हे कोणाला सांगता येत नव्हतं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. तो पायरीवर बसून, चिरा पडलेल्या हातात फोन घट्ट धरून, तिचं रडणं ऐकत राहिला.